माव्हिसची पेनी

अर्नेस्ट डंगवर्थच्या डाव्या खिशात चाकू असतो, हे शेफील्डच्या त्या टेकडीवर सगळ्यांना ठाऊक होतं. पॅन्टा बदलल्या, शिंपी वारला, कंबर वाढली आणि म्हातारपणी पुन्हा आटली, पण चाकू जागचा हलला नाही. अर्नेस्ट बस चालवायचा तेव्हाही तो होता, आणि त्याच बसमध्ये सवलतीच्या पासावर खिडकीशी बसून नव्या ड्रायव्हरांच्या चुका मोजायला लागला तेव्हाही होता. त्या चाकूने त्याने सफरचंदं सोलली, सुतळ्या कापल्या, बसच्या दारात अडकलेला एका पाद्रीबुवांचा मफलर सोडवला आणि दर शनिवारी दुपारी, सामना संपल्यावर, गवतावर गोळे घरंगळवायच्या बोल्स क्लबातला पोर्क पाय, म्हणजे डुकराचं मांस भरलेली टणक पेस्ट्री, कापला.

कायदा तसा सरळ होता. घडीचा, उघडल्यावर खटका न बसणारा, तीन इंचांच्या आतल्या पात्याचा चाकू खिशात असला तर सरकारची हरकत नाही. पातं त्याहून लांब असेल तर का बाळगता ते सांगायचं, आणि कारण समोरच्याला पटायला हवं. अर्नेस्टचं पातं तीन इंच ओलांडून जरासं पुढे गेलेलं होतं. ‘शनिवारी पोर्क पाय असतो’ हे कारण सोमवारी पटेल का, याची त्याला खात्री नव्हती. म्हणून तो चाकूला धार लावत बसे. धार लावली की पातं झिजतं, टोक मागे सरतं. अर्नेस्टच्या मते त्याचा चाकू कायद्याच्या दिशेने केव्हाच निघालेला होता, फक्त अजून पोचायचा होता. बऱ्याच सज्जन माणसांचं असंच असतं.

त्या वसंतात मात्र क्लबात ठराव आला. क्लबाच्या आवारात कुणाच्याही खिशात कुठलाही चाकू असू नये, लांब नाही की आखूड नाही, आणि फाटकाजवळ चाकू टाकायची लोखंडी पेटी बसवावी. ठराव मांडला होता नोरीन बॅगशॉने. ती क्लबाचा चहा बघायची, म्हणजे क्लबच बघायची. ठराव दुसऱ्या कुणी मांडला असता तर म्हाताऱ्यांनी त्याची चटणी केली असती. पण नोरीनच्या नातवाला, किरनला, आदल्या हिवाळ्यात बसस्टॉपवर कुणीतरी भोसकलं होतं. ओळख नाही, भांडण नाही. पोरगं वाचलं, पण घराबाहेर पडेनासं झालं. त्यामुळे सगळे गप्प होते आणि एकमेकांना बाहेर गाठून बोलत होते.

उघड बोलायची जबाबदारी सिरिल स्टॅनिफोर्थने घेतली. सिरिल हा अर्नेस्टचा बसमधला जुना कंडक्टर. स्वातंत्र्याची बाजू तो नेहमीच घेई, कारण त्या बाजूला आरडाओरडा करायला जास्त वाव असतो.

सभा शनिवारीच ठेवली, सामन्यानंतर. गवतावरचे काळे गोळे पुसून पेटीत गेले आणि मंडळी आत आली. क्लबाने कायदा समजावून सांगायला पोलिसांतली एक तरुण कॉन्स्टेबल बोलावली होती, नादिया सालेह. तिला सगळ्यांत चांगली खुर्ची दिली होती, म्हणजे जिचा पाय मोडलेला नव्हता ती. टेबलावर मधोमध पोर्क पाय होता, टणक, तपकिरी, भट्टीतून आल्यासारखा चकाकणारा.

सिरिल उभा राहिला. “आधी पाइप नेला आमचा. बाहेर जाऊन ओढा म्हणाले. गेलो. मग कोळशाची शेगडी नेली. थंडीत कुडकुडलो. आता चाकू नेताहेत. उद्या कवळी काढून ठेवा म्हणतील, चावाल म्हणून!”

“तुला चावून कोण घेणार आहे?” मागून कुणीतरी म्हणालं.

“हसा! अरे, या गावाने अख्ख्या जगाला चाकू पुरवले. माझा बाप चाकू घडवायचा, त्याचा बाप घडवायचा. आणि मी खिशात ठेवला तर गुन्हेगार?”

“माझे आजोबाही त्याच कारखान्यांत भट्टीवर होते, काका,” नादिया म्हणाली. “एडनहून आले ते थेट भट्टीवर. त्यांच्या देशात चाकू कमरेला लावून लग्नाला जातात.”

“बघा! बघा!” सिरिल उसळला.

“इथे आल्यावर त्यांनी तो भिंतीवर टांगला. आजी म्हणाली, भिंतीवरच बरा दिसतो.”

सिरिल खाली बसला. आज्यांपुढे त्याचं काही चालत नसे.

नोरीन लिहून आणलेलं बोलणार होती, पण चष्मा सापडेना. मग ती नुसतंच म्हणाली, “मला भाषण येत नाही. मला एवढंच वाटतं की नको. इथे तरी नको.” आणि ती चहाच्या टेबलामागे जाऊन कप मांडायला लागली.

अशा वेळी इंग्लंडात खायला काढतात. अध्यक्षांनी पोर्क पायकडे हात केला. क्लबाने प्रसंग ओळखून प्लॅस्टिकचा चाकू आणून ठेवला होता. अध्यक्षांनी तो पोर्क पायच्या कडेत खुपसला आणि तो मोडला. दुसरा मोडला. तिसऱ्याचं टोक आत राहिलं आणि कुणाच्या वाट्याला जाणार यावर कुजबुज सुरू झाली.

“कुणाकडे चाकू आहे का?” कॉन्स्टेबल नादियाने सहज विचारलं.

सगळ्या माना वर झाल्या आणि सभासद छताची पाहणी करू लागले. ओल कुठवर आली आहे ती बराच वेळ बघितली गेली.

“अर्नी,” शेवटी नोरीन म्हणाली. तिची पाठ सभेकडेच होती. “डाव्या खिशात. काढ. उपाशी नको ठेवूस माणसांना.”

अर्नेस्टने चाकू काढून टेबलावर ठेवला. हरणाच्या शिंगाची मूठ, हाताळून हाताळून पिवळी झालेली.

“तीन इंचांच्या आत आहे ना, आजोबा?” नादियाने विचारलं.

“वाटेवर आहे,” अर्नेस्ट म्हणाला.

“मोजा!” सिरिल ओरडला. “मोजू द्या तिला!”

बोल्स क्लबात मोजण्याची टेप असतेच. कुणाचा गोळा पांढऱ्या गोळीच्या जास्त जवळ, यावरून तिथे जुन्या मैत्र्या तुटल्या आहेत. टेप आली. टेप आली म्हटल्यावर सवयीने सगळे उठले, टेबलाभोवती कोंडाळं करून वाकले आणि श्वास रोखून उभे राहिले. नादियाने नख घालून पातं उघडलं. टक् असा आवाज झाला.

त्या आवाजाबरोबर अर्नेस्टला मागे आणखी काहीतरी ऐकू आलं. नोरीनने किटली उचलली होती आणि ती दाराबाहेर चालली होती. किटली भरलेली होती. तोटीतून पाणी तिच्या बुटांवर सांडत होतं.

अर्नेस्टला एकदम गेला हिवाळा आठवला. त्याने पोर्क पाय कापायला घेतला की नोरीन किटली भरायला जायची. दर शनिवारी. बाईला कामाचा उरक आहे, असं वाटायचं त्याला. त्या टक् आवाजाला ती जात होती, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

हीच नोरीन! ती आणि अर्नेस्टची माव्हिस एकाच कारखान्यात चाकूंना पॉलिश करायच्या. डोक्याला लाल रुमाल, छातीला जुन्या वर्तमानपत्रांचे एप्रन बांधलेले, तोंडं काजळीने काळी, आणि हातात आरशासारखी पाती. शुक्रवारी सुटल्या की हातात हात घालून गात रस्ताभर पसरून चालायच्या, आणि मागे अर्नेस्टची बस भोंगा वाजवत रांगायची. नोरीन उघडं पातं गालाशी धरून त्यात बघून लिपस्टिक लावायची. भीती तिला माहीत नव्हती, बसची नाही आणि पात्याचीही नाही.

“दोन इंच आणि...” नादिया टेपेवर वाकली, “तीनच्या आत आहे. केसभर, पण आत.”

क्लबात आरोळी उठली. सिरिलने अर्नेस्टच्या पाठीत गुद्दा घातला. “पोचलास लेका! कायदेशीर झालास! आता हा तुझ्याकडून राणीसुद्धा घेऊ शकत नाही.”

अर्नेस्टने पोर्क पाय कापला. तुकडे एरवीइतके सरळ पडले नाहीत. नोरीन रिकामी किटली घेऊन आत आली, तेव्हा तो चाकू मिटून उभा होता.

“नोरीन,” तो म्हणाला, “हा तुलाच देऊन टाकला असता. पण देता येत नाही. माझा नाहीये तो.”

“मग कुणाचा आहे?” नादियाने विचारलं. पोलिसांना असं वाक्य ऐकलं की विचारावंच लागतं.

“बायकोचा.”

“त्या कुठे आहेत?”

“वर, क्रुक्सच्या दफनभूमीत.”

नादियाने नोरीनकडे पाहिलं.

“खरं बोलतोय तो,” नोरीन म्हणाली आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडावर काहीतरी हललं. “आम्ही कारखान्याच्या सहलीला क्लीथॉर्प्सला गेलो होतो, समुद्रावर. तिथे माव्हिसने याला चाकू दिला. पातं तिनेच पॉलिश केलेलं. आता, पोरी, चाकू असा फुकट देत नाहीत, प्रेम तुटतं म्हणतात. घेणाऱ्याने देणाऱ्याला एक पेनी द्यायची, म्हणजे विकत घेतल्यासारखं होतं. हा विसरभोळा, हे तिला माहीत. म्हणून तिने पेनीसुद्धा स्वतःच चाकूच्या डबीला चिकटवून दिली. याने फक्त ती सोडवून तिच्या हातावर ठेवायची.”

“मग?”

“मग याने ती स्टेशनावरच्या संडासाच्या दाराला घातली.”

“घाई होती,” अर्नेस्ट म्हणाला.

“पेनी टाकल्याशिवाय ते दार उघडायचंच नाही,” सिरिल त्याच्या बाजूने म्हणाला. हा खटला त्याने पूर्वीही लढवला होता.

माव्हिसने ती पेनी पुढे कधी घेतलीच नाही. अर्नेस्टने कितीदा देऊ केली. “आता राहू दे,” म्हणायची. “चाकू माझा. तू नुसता वागवतोस.” भांडण झालं की हात पुढे करायची, “आण माझा चाकू.” आणि भांडण मिटलं की परत द्यायची, “काम झालं की परत.” जन्मभर तो तिच्या परवानगीने चाकू बाळगत आला होता. स्वातंत्र्यावर सिरिलची भाषणं चालायची तेव्हा अर्नेस्ट मान डोलवायचा, पण त्याला त्यातला अनुभव नव्हता.

ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. तो अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी अर्नेस्ट चर्चला जाण्याच्या कपड्यांत क्रुक्सला गेला. माव्हिसच्या बटणांच्या डब्यात त्याला एक जुनी मोठी पेनी मिळाली होती, आता कुठल्याही दुकानात न चालणारी. तिचीच पेनी तिला द्यायची, याची त्याला थोडी लाज वाटली. पण पहिल्या वेळीही पेनी तिचीच होती. तो गुडघ्यांवर बसला. दोन्ही गुडघ्यांनी आपापलं मत नोंदवलं. दगडाच्या बुडाशी त्याने बोटाने माती उकरली.

“घे,” तो म्हणाला. “आता नको म्हणू नकोस. नोरीनला द्यायचाय.”

माव्हिस काही बोलली नाही. नोरीनचं नाव काढलं की ती कधीच आडवी येत नसे. त्याने पेनी दाबली, माती सारखी केली आणि थोडा वेळ तिथेच बसला. त्याचं एक कारण, उठता येत नव्हतं. चाकू आता त्याचा झाला होता. त्याने तो काढून हातात धरला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पात्यात आभाळाची एक फीत दिसली. खाली दरीत बस चढण चढत होती आणि ड्रायव्हरने दुसरा गिअर फार लवकर टाकला.

पुढच्या शनिवारी सामना अर्नेस्टच हरला. आत आल्यावर तो सरळ चहाच्या टेबलाशी गेला आणि मिटलेला चाकू नोरीनपुढे ठेवला.

“माव्हिसचा हिशेब मिटवला,” तो म्हणाला. “आता तुझा. पेटी बसली तर तिच्यात टाक, तुझ्या खणात ठेव, काय वाटेल ते कर.”

“अर्नी, अरे, कायद्यात बसतो ना तो? मोजला ना त्या पोरीने?”

“बसतो ना. म्हणून तर देतोय. कायद्यात बसत नसता तर मरेपर्यंत दिला नसता.”

“म्हातारपणी फितूर झाला!” सिरिल टेबलापलीकडून ओरडला. पण त्याच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

नोरीनने एप्रनच्या खिशातून पाकीट काढलं, त्यातून एक पेनी काढली आणि अर्नेस्टच्या तळहातावर ठेवली. मग त्याची बोटं तिने स्वतः मिटवली. “ही घेऊन संडासात जाऊ नकोस,” ती म्हणाली.

चाकू बराच वेळ टेबलावर तसाच पडून राहिला. कप भरले गेले. पोर्क पाय आला. सगळे एकमेकांच्या बशीत बघू लागले.

नोरीनने हात पुसले. चाकू उचलला. मुठीवरून अंगठा फिरवला, पूर्वी कारखान्यात फिरवायची तसा, आणि नख घालून पातं स्वतःच उघडलं. टक्. किटली गॅसवरच होती. तिने पातं खिडकीकडे धरून तिरकं करून पाहिलं.

“पॉलिश पार घालवलंस माव्हिसचं,” ती म्हणाली. “कशावर घासतोस रे, फुटपाथवर?” आणि मूठ पुढे करून चाकू त्याच्याकडे दिला. “काप. काम झालं की परत.”

अर्नेस्टने पोर्क पाय कापला. कडेचा, सगळ्यांत जास्त कुरकुरीत तुकडा त्याने बाजूला काढला, तो नोरीनने किरनसाठी कागदात गुंडाळला. मग अर्नेस्टने पातं रुमालाला पुसलं, मिटलं, आणि त्याचा हात सवयीने डाव्या खिशाकडे गेला. तिथे एक पेनी होती.

“अर्नी,” नोरीन म्हणाली. तिचा तळहात पुढे आलेलाच होता.