वाळलेल्या हिरवळीवरचा नकाशा

त्या उन्हाळ्यात बागेला पाणी द्यायला बंदी आली आणि इस्टेटीच्या मोठ्या घरासमोरची हिरवळ डोळ्यांदेखत वाळत गेली. तिथल्या मुख्य माळीणबाईंच्या जिवाला ते फार लागलं. त्यांच्याआधी त्यांचे वडील, अप्पा, याच जागेवर माळी होते.

इथे दोनशे वर्षांपूर्वी आखीव बगीचा होता असं सगळेच म्हणायचे. पण नकाशा नाही, पुरावा नाही. इस्टेटीच्या इंजिनिअरसाहेबांनी सांगून टाकलं, "नुसतं गवत आहे. सोमवारी उकरायचं मशीन आणतो, गाड्या उभ्या करायची सोय होईल."

शुक्रवारी बाई पन्हळ साफ करायला गच्चीवर चढल्या. सहज खाली बघितलं आणि हात जागच्या जागी थांबला.

हिरवळीवर फिकट पिवळ्या रेघा उमटल्या होत्या. तळ्याकडे वळत गेलेल्या दोन लांब वाटा, मधोमध भलंमोठं वर्तुळ आणि त्याभोवती पाकळ्यांसारखे हिरवे वाफे.

"अप्पा, वर या! आत्ताच्या आत्ता!"

"गुडघ्यांना विचारून सांगतो," खालून आवाज आला. पण आले, कठड्याला धरत धरत. डोळ्यांवर हात धरून एकेक रेघ निरखली.

"खाली फरसबंदी आहे गं," शेवटी ते म्हणाले. "दगडावर माती पातळ, म्हणून तिथलं गवत आधी करपलं. वाफे खोल खणलेले, तिथे ओल टिकली." मग हळूच म्हणाले, "चाळीस वर्षं यावरून हातगाडी ढकलली मी."

शनिवारी साहेब कुरकुरत गच्चीवर आले आणि कठड्यावरून वाकून बघू लागले.

"हे कुणी काढलं?"

"काढणारे जाऊन दोनशे वर्षं झाली, साहेब. आपण फक्त पाणी बंद केलं," बाई म्हणाल्या.

साहेबांनी तिथूनच फोन करून मशीन रद्द केलं. "पण पाऊस आला तर?"

"चार दिवसांत सगळं हिरवं. पुसलं जाईल."

मग तिघांनी कंबर कसली. बाई गच्चीवरून ओरडायच्या, "डावीकडे! अजून एक पाऊल!" अप्पा दोरी ताणायचे आणि साहेब बाह्या सरसावून रेघांवर खुंट्या ठोकायचे. बुधवारी पाऊस आला. आठवड्याभरात चित्र गेलं, खुंट्या राहिल्या.

हिवाळ्यात पहिली वाट माती काढून मोकळी झाली. बाप-लेक तिच्यावरून चालत निघाले. दुसऱ्या वळणावर मोठं घर झाडांआड नाहीसं झालं आणि समोर अचानक अख्खं तळं उघडलं, आभाळासकट. दोघांचेही पाय थांबले. हे वळण आखलं तेव्हा ती झाडं बोटाएवढी असणार. आखणाऱ्याला हे दृश्य कधी दिसलंच नसेल. तरी त्याने ते जिथल्या तिथे ठेवलं होतं.

बाईंच्या अंगावर काटा आला. अप्पांनी डोळे पुसले.

"चल," ते म्हणाले, "मागे जाऊ. परत एकदा येऊ."