हुर्यो ऐकलेला माईक

साहेब, तुम्ही खोटं बोललात. स्वतःच्या तोंडानं नाही, तेवढी हिंमत नव्हती. दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतलंत. हुर्यो तुमची उडाली आणि आळ माझ्यावर आला.

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. जाळी चेपलेली, रंग उडालेला, पण आवाज खणखणीत. कोपरीच्या पंढरीकाकांनी मला एका बँडवाल्याकडून घेतलं आणि लग्नातली रडकी गाणी सुटून मी कबड्डीच्या मैदानात आलो.

काका समालोचन करायचे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठंही स्पर्धा असो, पंढरीकाकांशिवाय मैदान मुकं वाटायचं. एखादी दांडगी खेळाडू चढाईला निघाली की काका म्हणायचे, "बाजूला व्हा रे, सासूबाई निघाल्या." लोक हसून लोळायचे. घरी गोदाकाकू कोरड्या फडक्यानं माझी जाळी पुसायच्या आणि टोमणा मारायच्या की मेल्या माईकशी बोलतात त्याच्या निम्मं तरी माझ्याशी बोला.

काकांची एक सवय होती. चढाई जिंकली की ते विचारायचे, "कुणी मारली?" आणि मला लोकांकडे वळवायचे. हजार गळे एकच नाव ओरडायचे. तो आवाज जाळीतून आत शिरला की वाटायचं, आपण जन्माला आलो ते ह्याच्यासाठी.

त्याच सवयीनं घात केला.

गेल्या हिवाळ्यात डोंबिवलीत मुलींचा अंतिम सामना होता. शेवटचं मिनिट. समृद्धीचा संघ एका गुणानं मागे. तिनं चढाईत दोघींना शिवलं, तिसरीनं घोटा धरला, तरी ती सरपटत निघाली. मधली रेषा वीतभर राहिली होती. नेमकी तेव्हाच साहेबांची, म्हणजे इथल्या पुढाऱ्यांची, गाडी आत शिरली.

आमच्याकडे रीतच पडलीय, साहेब आले की खेळ थांबतो. मंडळाच्या अध्यक्षांनी हात वर केला, पंचांनी शिट्टी फुंकली. चढाई रद्द. मुलींना रांगेत उभं केलं. शाल, श्रीफळ, फोटो. समृद्धीच्या कोपरातून रक्त येत होतं, तरी तिला हसून हात मिळवायला लावला. अध्यक्षांनी काकांना खूण केली. काका सवयीनं बोलून गेले, "आपल्या मैदानात कोण आलंय?" आणि मला लोकांकडे वळवलं.

आली ती हुर्यो. चारही कर्ण्यांतून, पार रस्त्यापर्यंत. मी काय केलं? ऐकलं ते मोठं केलं. माझं कामच ते.

सत्कार उरकल्यावर समृद्धीला तीच चढाई पुन्हा घ्यायला लावली. अंग गार पडलेलं. पहिल्याच पावलाला पकडली गेली, सामना गेला. त्याची बातमी कुणी दिली नाही.

बातमी दिली ती वेगळीच. प्रीतम नावाचा एका लोकल चॅनलचा पत्रकार कॅमेरा घेऊन माझ्यापासून चार हातांवर उभा होता. सकाळी त्याच्या चॅनलवर झळकलं, साहेबांचं जल्लोषात स्वागत. हुर्यो काढून वर टाळ्या चिकटवलेल्या. पण लोकांच्या फोनमधली हुर्यो दुपारपर्यंत घरोघर पोचली. मग ती झाकायला दुसरी बातमी हवी होती. तिच्यासाठी प्रीतम कोपरीला आला.

"काका, एवढंच बोला, माईक खरखरत होता. नाही बोललात तर पुढं एकही स्पर्धा मिळणार नाही, असा वरून निरोप आहे."

"तू होतास ना तिथं? तू काय ऐकलंस?"

प्रीतम कॅमेऱ्याशी चाळा करत राहिला. "ऐकलं ते ऐकलं, काका. लावायचं काय ते वरून ठरतं. मलापण नोकरी आहे."

गोदाकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बोलू नका हो. आयुष्यभर ह्याच आवाजाचं खाल्लंय."

काका बोलले. मी त्यांच्याच मांडीवर होतो. त्यांनी सांगितलं की माईक खराब होता, लोकांनी टाळ्याच वाजवल्या होत्या. त्यांचा अंगठा सारखा माझ्या जाळीवरून फिरत होता.

काम टिकावं म्हणून बोलले आणि बोलल्यामुळेच काम गेलं. शीळफाट्याच्या मंडळाचा फोन आला, "काका, माईक दगा देतो असं तुम्हीच टीव्हीवर बोललात. साहेब येणारेत, रिस्क नको." मग कुणीच बोलावलं नाही. आता मी पत्र्याच्या पेटीत आहे. खाडीची दमट हवा लागून जाळीला गंज चढलाय. काका घरातही मानेनंच हो-नाही करतात. गोदाकाकू दोनदा विचारतात, तिसऱ्यांदा विचारत नाहीत.

मित्रांनो, माईकला ओल लागू देऊ नका, जाळीवर टिचक्या मारू नका. आणि त्याच्यासमोर उभं राहून, कानांनी ऐकलेलं नाकारू नका. गंज त्यानं जास्त लवकर चढतो.

आणि साहेब, मला उघडा, तार न् तार तपासा. एकही बिघाड सापडणार नाही. मग हजार माणसांच्या देखत उत्तर द्या, पंढरीकाकांच्या तोंडात ते वाक्य कुणी घातलं?