उशाकडच्या भिंतीवरचं चित्र

वहिनींनी इस्त्री उभी करून ठेवली, हात पुसले आणि मगच धाकट्या दिराने लिहिलेलं कवितांचं पुस्तक घेतलं. पहिल्या पानावर ‘दादास’ एवढंच छापलं होतं. त्यावरून त्यांनी हळूच बोट फिरवलं आणि दिराचा जीव भांड्यात पडला. पाठ थोपटणारे बाहेर पुष्कळ भेटले होते. पण दादाला जाऊन वर्ष होत आलं तरी त्याला हवी होती ती वहिनींचीच शाबासकी.

“माझा चष्मा कुठं आहे, देव जाणे.”

“कपाळावर आहे.”

“मग असू दे तिथंच. तुम्हीच वाचा, भावजी.”

त्याने सगळ्यात गाजलेली कविता काढली. इमारतीचं काम चाललंय. परांचीवरून कोसळलेला गवंडी कोपऱ्यात तळमळतोय आणि बाकीचे डबे सोडून हसतखिदळत जेवताहेत. एकाचीही मान वळत नाही. ही वाचून दगडालाही पाझर फुटेल, असं कुणीसं लिहिलं होतं. वहिनी तर माणूसच. त्यांनी डोळे टिपले.

“घास तरी कसा उतरला मेल्यांच्या घशाखाली! कुठं पाहिलंत हे?”

“चित्र आहे ते. हॉस्पिटलात, दादाच्या खोलीत होतं. दोन महिने रोज दुपारी त्या चित्राकडेच बघत मनात ओळी जुळवत होतो.”

“खोलीत चित्र होतं?”

“उशाकडच्या भिंतीवर. दादाच्या डोक्याच्या अगदी वर.”

“असेल. माझं कुठलं भिंतीकडे लक्ष!”

वहिनींनी इस्त्री पुन्हा हातात घेतली. मग पुस्तकाकडे न बघताच बोलू लागल्या.

“संध्याकाळी मी गेले की हे सांगायचे, धाकटा दोन-दोन तास माझ्यावरची नजर हलवत नाही. त्याच्यादेखत कण्हायचीसुद्धा चोरी झालीय. मग तुम्ही गेल्यावर कण्हत बसायचे.”

रोज दुपारी दादा किती शांत पडून असायचा, ते दिराला आठवलं. ती शांतता ओळी जुळवायला किती सोयीची वाटायची, तेही आठवलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

“वहिनी, मी खरंच...”

“त्यांना ठाऊक नव्हतं ना, चित्राचं?”

“नाही. मान वळवता येत नव्हती त्याला.”

“मग बरं झालं,” वहिनी म्हणाल्या. “येईल त्या नर्सला सांगायचे हो, असा भाऊ मिळायला नशीब लागतं.”