लालासाहेबांच्या सोप्यात फुटलेला अंगारा

चौऱ्याण्णव सालच्या हिवाळ्यात आष्ट्याजवळच्या एका मळ्यात भल्या सकाळी माणसांची रांग लागायची. मळ्याचे मालक लालासाहेब यांच्या घराच्या सोप्यातली, म्हणजे पुढच्या ओसरीतली, जुनी शहाबादी फरशी काढली होती आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर रोज पांढराशुभ्र अंगारा फुटत होता. लोक चिमटीनं उचलायचे, पुडी बांधायचे, दुपारपर्यंत जमीन साफ. दुसऱ्या सकाळी अंगारा पुन्हा हजर.

ती फरशी काढणारा सोपान गवंडी कोपऱ्यात पहार घेऊन बसून होता आणि मनातून जळत होता. सोपान म्हणजे काही ऐरागैरा नव्हे. बौद्धवस्तीतला हा माणूस, पण सांगलीच्या विश्रामबागेतले बंगलेवाले त्याला घरी येऊन बोलावून न्यायचे. फरशी उचलल्या उचलल्या त्यानं सांगितलं होतं, "मालक, तळाला ओल हाय. ही समदी भर काढू, कोरडा मुरूम भरू, धुमसून घट्ट करू आन मगच नवी फरशी बसवू. न्हाई तर वर्सात फरश्या पोट काढत्याल." लालासाहेबांनी मान डोलावली होती. पण दोन दिवसांत ती ओल पांढरी फुटली आणि वास लागल्यासारखे भस्मानंद महाराज दारात उभे राहिले. काम तिथंच थांबलं.

"भक्तहो, ही माती नव्हे, माता आहे," महाराज डोळे मिटून सांगायचे. "संध्याकाळी तिला पाच घागरी पाणी पाजा, सकाळी ती तुम्हांला भस्म देईल. लंडनच्या डॉक्टरांनी या भस्मापुढं हात टेकलेत." लंडनचा डॉक्टर आष्ट्याला कधी येऊन हात टेकून गेला, हे विचारायची बुद्धी एकालाही झाली नाही. पाच घागरी मात्र नेमानं ओतल्या जात होत्या.

एवढ्यावरच भागलं असतं तर सोपाननंही हसून सोडून दिलं असतं. पण आतल्या खोलीत लालासाहेबांची बायको, मनुबाई, अंथरुणाला खिळून होती. मूत्रपिंडं थकलेली, पाय सुजून खांबासारखे झालेले. सांगलीच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच तिचं मीठ तोडलं होतं आणि गोळ्या चालू केल्या होत्या. महाराजांनी त्या गोळ्या उकिरड्यावर फेकायला लावल्या आणि दिवसातून तीनदा चमचा चमचा अंगारा पाण्यातून सुरू केला. सोपानचा जीव तुटत होता. इतर मळ्यांत त्याला चहा वेगळ्या कपात मिळायचा तेव्हा ह्या बाईनं घरातली कपबशी त्याच्या हातात दिली होती.

शेवटी एका सकाळी त्यानं अंगारा जिभेवर टेकवला. खारट, वर कडवट. ही चव त्याच्या ओळखीची होती. लालासाहेबांची खालची दोन एकर पट्टी उसाला पाणी पाजून पाजून खारपड झाली होती. तिथं हीच पांढरी फुटायची आणि लालासाहेब तिला सकाळ-संध्याकाळ शिव्या घालायचे. तीच पांढरी सोप्यात आली तर पायताण काढून हात जोडत होते. ऊस घराच्या भिंतीला टेकलेला, पाटाचं पाणी जोत्याखाली मुरलेलं, तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडेना.

नुसतं तोंडानं सांगून कुणी ऐकणार नव्हतं. सोपाननं घमेल्यात त्या पट्टीतली माती घेतली, पाणी ओतलं, मधोमध एक कोरी वीट उभी केली आणि घमेलं अंगणात उन्हाला ठेवलं. पाचव्या दिवशी ते उचलून रांगेसमोर आणलं. विटेचा माथा पांढराफेक झाला होता.

"ही खालच्या रानातली माती," सोपान म्हणाला. "मातीतलं मीठ पाण्याबरुबर इटंत चढलं. पाणी वाऱ्याउनानं उडून गेलं, मीठ वर ऱ्हायलं. सोप्यात बी ह्येच झालंय. फरशीचं झाकाण निघालं म्हणून दिसाय लागलं, आन तुमी पाणी पाजताय म्हणून रोज फुटतंय. लालासाहेब, दोनी चाखून बगा."

लालासाहेबांनी विटेवरचं चाखलं, मग सोप्यातलं चाखलं. त्यांचं तोंड उतरलं. महाराज मात्र कसलेला गडी. "पाहिलंत? आता वीटही जागृत झाली," ते म्हणाले. चार बायका पुढं झाल्या आणि त्यांनी विटेला हळदकुंकू वाहिलं.

लालासाहेब आत धावले. मनुबाईच्या उशाचा पेला त्यांनी हिसकून घेतला. "मीठ हाय गं त्ये. मी तुला मीठ चारलं."

"ठावं हाय," ती हळूच म्हणाली. "पयल्याच दिशी कळलं हुतं मला."

"मग घेतलंस कशाला?"

"दोन वर्सं अळणी खाल्लं, आवं. देवाचं म्हणून तुमी हातानं दिलं. मी कशाला न्हाई म्हनू?"

दारात उभ्या सोपानला पुढं ऐकवलं नाही. तो जीप आणायला धावला. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. तिसऱ्या दिवशी मनुबाई गेली.

गावानं निकाल लावला: सोपाननं देवीची परीक्षा बघितली म्हणून बाई गेली. महाराज कोरेगावकडं सरकले, तिथंही म्हणे कुणाची तरी भिंत पांढरी फुटली होती.

दहावा झाल्यावर लालासाहेबांनी सोपानला बोलावून घेतलं. त्यानं भिंतीकडचा ऊस चार हात मागं घ्यायला लावला, सोप्यातली दोन फूट भर खणली आणि रस्त्याकडेला ढीग घातला. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर ढीग निम्मा. लोक पाट्या भरभरून नेत होते. तेव्हापासून लालासाहेब ढिगाशेजारी बाजलं टाकून बसायला लागले.

शेजारच्या मळ्यातल्या चंद्राबाई डबा घेऊन आल्या. त्यांच्या नातीला दमा होता.

"मीठ हाय त्ये, बाई," लालासाहेब म्हणाले. "माजी बायको ह्यानंच गेली. कुणी कायबी दिलं तर आदी इचारा, चाखून बगा, डाक्टरला दावा. मी इचारलं न्हाई."

"व्हय, व्हय," चंद्राबाई मायेनं म्हणाल्या. त्यांनी डबा भरला, ढिगाला हात जोडले आणि वाटेला लागल्या. मागं आणखी दोघीजणी उभ्या होत्या. लालासाहेब त्यांच्याकडं वळले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.