उपडी बोट

बेटावर कोर्ट बांधायचं ठरलं तेव्हा घरं बांधणारं तिथे कुणी नव्हतंच, सगळे बोटी बांधणारे! मग काय, चार दगडी भिंती कशाबशा उभ्या केल्या आणि वर छप्पर म्हणून चक्क एक भलीमोठी बोट उपडी घातली. दीडशे वर्षं खाली माणसं भांडताहेत आणि वर बोट आपली निवांत.

फक्त ती गळायची, आणि नेमकी न्यायाधीशांच्या डोक्यावर. छप्पर राखणारा म्हातारा सुतार तीस वर्षं शिडी चढला, पण थेंब काही थांबेना. लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. मुलगाही सुतारच, त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी त्यानेच चारचौघांत बापाला सुनावलं, "बाबा, तुमच्याच्यानं होत नाही. द्या ती हत्यारं इकडे." म्हाताऱ्याने ती काढून दिली.

आज दुपारी सरकारी इंजिनीअर येणार होता. छप्पर निकामी ठरलं की कोर्टाला टाळं. मुलगा सकाळीच वर चढून तुळईवर आडवा झाला. समुद्राच्या पाण्यावरून खिडकीतून आलेला उजेड फळ्यांवर हलत होता. सगळं कोर्ट दोर सोडून हळूच निघालंय, असं त्याला वाटलं आणि क्षणभर तो कशाला आलाय तेच विसरला.

मग दिसलं. बोटीच्या कण्यात, म्हणजे आता छपराच्या माथ्यावर, अंगठ्याएवढं भोक! बोट किनाऱ्यावर ओढली की आतलं पाणी सोडायला ठेवतात ना, तेच. बांधणाऱ्यांनी सवयीने छपरालाही पाडून ठेवलेलं. हात्तिच्या! त्याने बूच तासलं, ठोकायला हात उचलला, आणि थबकला. भोकाची कड घासून, तेल देऊन राखलेली होती. बोटांवरून आतली दमट हवा बाहेर जात होती. भोवतीचं लाकूड खडखडीत कोरडं. ही ओल आत कोंडली असती तर छप्पर कधीच कुजून खाली आलं असतं. बापाने ते जाणूनबुजून उघडं ठेवलं होतं.

दुपारी त्याने खरं ते सांगून टाकलं, "साहेब, गळतंय म्हणून टिकलंय."

इंजिनीअरने तुळई न् तुळई ठोकून पाहिली. "छप्पर ठणठणीत आहे. न्यायाधीशांची खुर्ची सरकवा की हातभर!"

सगळ्यांनी मिळून खुर्ची सरकवली.

मुलगा धावतच घरी आला. म्हातारा उन्हात बसला होता.

"बाबा, खुर्ची सरकवा असं तरी सांगायचंत!"

"न्यायाधीशाला सरक म्हणायची माझी काय बिशाद?"

"पण मला? मला का नाही सांगितलंत?"

म्हाताऱ्याने त्याला जवळ बसवून घेतलं.

"तू हत्यारं मागितलीस रे. दुसरं काही विचारलंस कुठे?"