सुखी कामगाराचं घर

महिपत खांबे मानपाड्याच्या ज्या कंपनीत कामाला होता, तिथे बिस्किटांच्या आणि वेफर्सच्या पुड्यांचं प्लॅस्टिक छापलं जायचं. चोवीस वर्षं तो मशीनवर होता. थिनरचा वास त्याच्या कपड्यांतून कधी गेलाच नाही. बायको शीला त्याचे शर्ट वेगळे भिजवायची.

मे महिन्यात नोटीस बोर्डावर लागलं की यंदाचा नफा आजवरचा सगळ्यात जास्त आहे. प्रत्येकाला काजूकतलीचे दोन तुकडे मिळाले. त्याच दुपारी इन्क्रिमेंटची पत्रं वाटली. महिपतला महिन्याला सातशे ऐंशी रुपयांची वाढ होती.

शेजारच्या मशीनवरच्या विनीतनं आपलं पत्र वाचलं आणि तोंडातली काजूकतली डस्टबिनमध्ये थुंकली. "यांची मिठाई पण गळ्याखाली उतरत नाय, काका."

महिपत एचआरच्या नीरजा मॅडमकडे गेला. "मॅडम, गेल्या वर्षी तुम्ही म्हणालात धंदा मंदा आहे. आम्ही गप्प बसलो. यंदा तर नफा झालाय ना?"

"काका, नफा पुढच्या गुंतवणुकीसाठी असतो," ती हसून म्हणाली. "पण बरं झालं आलात. शेअरहोल्डर्सच्या मीटिंगसाठी आपण एक फिल्म करतोय, जुन्या कामगारांवर. तुमचं नाव निघालंय. घरच्यांसकट."

"आणि पगाराचं?"

"वरच्यांना तुमचा चेहरा दिसेल. मग बोलायला बरं पडतं."

महिपतनं ते खरं मानलं.

रविवारी फिल्मवाले दोघे कल्याणजवळ मोहन्याला त्याच्या घरी आले. शीलानं सकाळपासून घासूनपुसून घर लख्ख केलं होतं, कांदेपोहे केले होते. बाहेरची एक खोली, आत स्वयंपाकघर. दोघांतला गॉगलवाला दारातच उभा राहिला. त्यानं भिंतीवरची ओल बघितली, पलंगाखालच्या कळश्या बघितल्या आणि दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

"लाइट कमी आहे," दुसरा म्हणाला. "आपण दुसरीकडे करू." पोह्यांना कुणी हात लावला नाही.

पुढच्या रविवारी गाडी आली. महिपत, शीला आणि बारावीतली मुलगी संचिता, तिघांना ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका नव्या टॉवरमध्ये नेलं. नवव्या मजल्यावर बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट होता. पांढरा सोफा, काचेचं टेबल, त्यावर प्लॅस्टिकची सफरचंदं. शीलाला नेसायला मोरपंखी साडी दिली, तिला किमतीचा टॅग अजून लोंबत होता.

"कुणाचं घर हे?" शीलानं विचारलं.

"आजच्यापुरतं तुमचं, ताई."

शीलानं स्वयंपाकघरातला नळ सोडून बघितला. पाणी नव्हतं. तिनं नळ बंद केला आणि महिपतकडे बघितलं. संचितानं मात्र सरळ सांगितलं, "मी खोटं नाय बसणार इथे," आणि ती बाहेर लिफ्टसमोर जाऊन उभी राहिली.

महिपतची एका फॉर्मवर सही घेतली आणि त्याला सोफ्यावर बसवलं. बोलायचं वाक्य कागदावर लिहून दिलं होतं: आज माझ्याकडे जे आहे, ते सगळं कंपनीमुळे. त्याला वाटलं, उठावं. मग वाटलं, एवढ्यानं जर पगार वाढला तर? पहिल्यांदा घसा खाकरला. दुसऱ्यांदा गॉगलवाल्याला हसू कमी वाटलं. तिसऱ्यांदा महिपत हसला.

आठवड्याभरानं फिल्म कॅन्टीनच्या टीव्हीवर लावली. जेवायच्या सुट्टीत ती पुन्हा पुन्हा चालू होती. महिपत ताट घेऊन आला तेव्हा पडद्यावर तो स्वतः पांढऱ्या सोफ्यावर बसून हसत होता, खाली अक्षरं होती: सुखी कामगाराचं घर.

"काका, ठाण्यात फ्लॅट?" विनीत म्हणाला. "मग सातशे ऐंशीसाठी आमच्याबरोबर कशाला रडत होतात?"

"माझा नाय रे तो. त्यांनी नेलेलं तिथे."

"आणि बोललात ते? तोंड पण त्यांनीच हलवलं?"

ताट तसंच ठेवून महिपत नीरजा मॅडमकडे गेला.

"ती फिल्म बंद करा."

"काका, तुम्ही सही केलीय. आणि ते तुमचं घर आहे असं आपण कुठे म्हटलंय? कामगाराचं घर म्हटलंय."

"कुठल्या कामगाराचं?"

तिनं कॉम्प्युटरकडे बघितलं. पगाराचं विचारल्यावर म्हणाली, पॉलिसी सगळ्यांना सारखी आहे.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत महिपत टीव्हीपाशी गेला आणि त्यानं वायर खेचून काढली.

"ऐका जरा," तो म्हणाला. "हे घर माझं नाय. मी मोहन्याला राहतो, घरात ओल आहे. माझं घर यांना दाखवायला लाज वाटली म्हणून दुसरीकडे नेलं. माझी वाढ सातशे ऐंशी. आणि ते वाक्य मला लिहून दिलेलं, पण बोललो मीच. पगार वाढेल म्हणून बोललो. थू आहे माझ्यावर."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. विनीत मान खाली घालून जेवत राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "बसा काका, जेवून घ्या."

संध्याकाळी त्याला शिस्तभंगाचं पत्र मिळालं आणि मशीनवरून काढून भंगाराच्या शेडमध्ये टाकलं. कॅन्टीनमधली फिल्म बंद झाली. शेअरहोल्डर्सच्या मीटिंगमध्ये मात्र ती दाखवलीच, आणि लोकांना फार आवडली, असं नोटीस बोर्डावर लागलं.

घरी त्यानं शीलाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"हे त्या दिवशीच बोलायला हवं होतं तुम्ही," ती म्हणाली. "मी नळ सोडला तेव्हा बघत होतात ना माझ्याकडे?"

"बघत होतो."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. महिपत तिथेच जमिनीवर बसून राहिला.