मेलेल्याची खूण

करवतीचा आवाज ऐकून गैनिस्लाम धावत पोहोचला, तोवर आज्यापणज्यांच्या वेळचा पाइनवृक्ष आडवा झाला होता. ढोलीतलं पोळं चिरडून मध मातीत वाहत होता आणि चवताळलेल्या रानमाश्या दिसेल त्याला डसत होत्या.

"हरामखोरा, आमचं माश्यांचं झाड पाडलंस?" त्यानं करवतवाल्याची गचांडी धरली आणि कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या थोबाडावर हाणला. दोन दात बाहेर आले.

"पोकळ झाडं पाडायचा जंगलखात्याचा हुकूम आहे," करवतवाला रक्त थुंकत ओरडला. "मालकाची खूण असेल तेवढंच सोडायचं. दाखव तुझी खूण!"

खोडावर बापाची खूण होती, दोन आडव्या रेघा. बाप गेला की तिच्याखाली वारसानं आपली रेघ कोरायची, हा उरल पर्वताच्या रानातला पिढीजात रिवाज. पण झाड कुणाचं यावरून गैनिस्लाम आणि धाकटा भाऊ मुतिगुल्ला बाप गेल्यापासून सात वर्षं एकमेकांच्या जिवावर उठले होते. एकानं रेघ कोरायला कुऱ्हाड उचलली की दुसरा अंगावर धावून जायचा. अशाच एका भांडणात मुतिगुल्लाचा कान तुटला होता.

"ही मेलेल्याची खूण," करवतवाला म्हणाला. "झाड बेवारशी."

तेवढ्यात तुटक्या कानाचा मुतिगुल्ला धापा टाकत आला. "दादा, कुणी पाडलं? नाव सांग, मुडदाच पाडतो त्याचा!"

गैनिस्लामनं कुऱ्हाड त्याच्या हातात दिली आणि समोर मान वाकवली.

"माझ्यापासून सुरू कर."